फौजदारी न्यायशिक्षण : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्हा

गुन्ह्याची प्रथम खबर, तपास, खटला, शिक्षा आणि शिक्षेनंतरचे पुनर्वसन या सर्व अवस्था ज्या यंत्रणांच्या हातून पार पडतात, त्यांना मिळून फौजदारी न्यायव्यवस्था म्हणतात. पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, कारागृह व परिवीक्षा विभाग हे तिचे मुख्य घटक होत. या घटकांचा एकत्रित अभ्यास म्हणजे फौजदारी न्यायशिक्षण. त्यात गुन्ह्याची कारणे शोधणारे गुन्हेशास्त्र, शिक्षेचा विचार करणारे दंडशास्त्र आणि अन्याय सोसणाऱ्या व्यक्तीच्या स्थितीचा अभ्यास करणारे पीडितशास्त्र ही तीन अंगे धरली जातात. अहमदनगर जिल्ह्यात (2024 पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) या विषयाची स्वतंत्र पदवी घेण्याची वाट रूढ नाही. बारावीनंतर जवळच्या महाविद्यालयात कला शाखेची पदवी किंवा विधी अभ्यासक्रम, आणि तेथून पुणे, मुंबई वा छत्रपती संभाजीनगर येथील विशेष शिक्षण, असा प्रवास येथील विद्यार्थी करतो. प्रस्तुत नोंद या पहिल्या टप्प्याविषयी आहे.

अमेरिकेत हा टप्पा सामुदायिक महाविद्यालयात पार पडतो. अशा महाविद्यालयांचा आरंभ 1901 मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे झाला असे मानतात. विद्यार्थी कमी शुल्कात घराजवळ दोन वर्षांची सहपदवी घेतो आणि मिळवलेले श्रेयांक विद्यापीठाकडे वर्ग करून उरलेली दोन वर्षे तेथे पूर्ण करतो. पोलिसांना महाविद्यालयीन शिक्षण हवे, हा आग्रह बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत धरला. 1968 च्या कायद्यानंतर केंद्रीय अर्थसाहाय्य मिळू लागल्यावर हा विषय शेकडो महाविद्यालयांत पोचला. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली, परंतु तिच्यातील अभ्यासक्रम प्रामुख्याने कौशल्याधारित व्यवसायांचे राहिले. श्रेयांक वर्ग करण्याची कल्पना राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 आणि त्यानंतरची शैक्षणिक श्रेयांक पेढी यांमुळे भारतीय विद्यापीठांत आली. या पद्धतीत पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका आणि तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडता येते. विधी शिक्षण मात्र या सवलतीच्या कक्षेबाहेर आहे, आणि जिल्ह्यातील फौजदारी न्यायशिक्षण जवळजवळ संपूर्णपणे विधी शिक्षणाच्या आश्रयाने उभे असल्याने ही बाब निर्णायक ठरते.

जिल्हा व संस्था : क्षेत्रफळाने (सु. 17,048 चौ.किमी.) राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा 14 तालुक्यांचा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 45 लाखांहून अधिक होती. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातून किंवा जामखेडच्या टोकाकडून जिल्ह्याच्या ठिकाणी रोज ये-जा करणे विद्यार्थ्याला शक्य नसते. त्यामुळे कोणता विषय शिकावा हे पुष्कळदा तालुक्याच्या महाविद्यालयात काय उपलब्ध आहे यावरून ठरते. उच्च शिक्षणाचा पाया खाजगी संस्थांनी घातला. अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज (1918), रयत शिक्षण संस्था आणि डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय ही त्यांतील ठळक नावे. महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी (स्थापना 1949) संलग्न आहेत. कला शाखेत समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र तसेच संरक्षण व सामरिकशास्त्र या विषयांच्या अनुषंगाने गुन्हा, बालगुन्हेगारी व अंतर्गत सुरक्षा यांचे घटक शिकवले जातात. ते सुटे असतात, आणि तपासापासून पुनर्वसनापर्यंतचा सलग क्रम विद्यार्थ्यासमोर सहसा येत नाही.

विधी महाविद्यालयातील अभ्यास : नगर शहरातील न्यू लॉ कॉलेज आणि संगमनेर येथील ओंकारनाथ मालपाणी विधी महाविद्यालय ही जिल्ह्यातील विधी शिक्षणाची परिचित केंद्रे आहेत. प्रवेशाचे मार्ग दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, ज्याच्या पूर्वार्धाला पुणे विद्यापीठात दीर्घकाळ बी.एस.एल. म्हणत, आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम. 2016 पासून दोन्हींसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अभ्यासक्रमाची चौकट अधिवक्ता अधिनियम, 1961 खाली भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या विधी शिक्षण नियम, 2008 यांनी ठरते. फौजदारी कायद्याच्या बाजूने दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा कायदा हे विषय अनिवार्य आहेत. गुन्हा व गुन्हेशास्त्र हा ऐच्छिक विषयांचा एक गट आहे, आणि तो शिकवायचा की नाही हे महाविद्यालयाच्या अध्यापकबळावर अवलंबून राहते. तात्पर्य, ज्या अंगांनी हा विषय केवळ कलमांच्या पाठांतरापलीकडे जातो, नेमकी तीच अंगे ऐच्छिक ठरली आहेत.

याच नियमांतील प्रात्यक्षिकाचा भाग या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. अभिरूप न्यायालय, म्हणजे कल्पित वादावर विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजूंनी केलेला युक्तिवाद, याला 30 गुण असतात. प्रत्यक्ष न्यायालयात दोन खटल्यांच्या कामकाजाला हजर राहून त्यांची नोंदवही ठेवण्याला 30, वकिलाच्या कार्यालयात किंवा विधी साहाय्य केंद्रात पक्षकाराच्या दोन मुलाखतींचे निरीक्षण व दाव्याची पूर्वतयारी यांना 30 आणि तोंडी परीक्षेला 10 असे एकूण 100 गुण होतात. शिवाय पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे व तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे अंतर्वासिता, म्हणजे वकील, न्यायालय वा संस्थेकडील उमेदवारी, करावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी न्यायालय महाविद्यालयापासून जवळ असते आणि तेथील कामकाज बहुतांशी मराठीत चालते. दोषारोपपत्र, पंचनामा, जबाब व रोजनामा हे दस्तऐवज विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत वाचायला मिळतात. महानगरातील विद्यार्थ्याला ही सोय इतक्या सहजपणे लाभत नाही. नोंदवही मन लावून लिहिली, तर साक्षीदार कोठे डळमळतो, पंच काय विसरतो आणि तपासातील कोणती उणीव उलटतपासणीत उघडी पडते, हे पुस्तकापेक्षा अधिक स्पष्टपणे कळते. ती एकमेकांच्या वह्या पाहून उतरवली, तर अभ्यासक्रमाचा हा सर्वोत्तम भाग वाया जातो.

स्थलांतर व पात्रता : पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मध्येच प्रवेश घेण्यास किंवा अर्धा भाग पूर्ण करून त्याची पदवी घेऊन बाहेर पडण्यास 2008 च्या नियमांतील तेरावा नियम मनाई करतो. म्हणून अन्य शाखेत दोन वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याचे श्रेयांक विधी अभ्यासक्रमात वर्ग होत नाहीत. त्याने आधी पदवी पूर्ण करावी आणि मग तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसावे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना आणखी एक अट लागू होते. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना 1989) बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे पदवीचे दार उघडून दिले, आणि शेतमजुरी, संसार किंवा ऊसतोडीमुळे शाळा सुटलेल्या अनेकांना त्याचा आधार झाला. परंतु आवश्यक मूलभूत पात्रतेवाचून थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली व्यक्ती विधी प्रवेशास पात्र नाही, असे पाचव्या नियमाचे स्पष्टीकरण सांगते. पदवी हाती असूनही प्रवेश नाकारला जाण्याचे हे कारण विद्यार्थ्याला नावनोंदणीच्या वेळीच समजायला हवे. विधी प्रवेशाच्या वयोमर्यादेविषयी वेगवेगळे निर्णय झालेले असल्याने त्या वादाचा येथे विचार केलेला नाही.

पदवीनंतर वकिलीची सनद मिळवून अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली, त्यामुळे महाविद्यालयातून थेट न्यायाधीशपदाच्या परीक्षेस बसण्याची वाट बंद झाली.

पोलीस भरती : जिल्ह्यातील तरुणांचा फौजदारी न्यायव्यवस्थेशी येणारा सर्वांत मोठा संबंध विधी महाविद्यालयातून येत नाही, तो पोलीस भरतीतून येतो. शिपाईपदासाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरते. मैदानी चाचणी 50 गुणांची असते. पुरुषांसाठी 1600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे व गोळाफेक, तर महिलांसाठी 1600 ऐवजी 800 मीटर धावणे असा तिचा क्रम आहे. त्यापुढील 100 गुणांच्या लेखी परीक्षेत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान व मराठी व्याकरण हे विषय असतात आणि फौजदारी प्रक्रिया हा स्वतंत्र विषय नसतो. याउलट राज्य लोकसेवा आयोगाकडून होणाऱ्या उपनिरीक्षकाच्या निवडीसाठी पदवी लागते, आणि तिच्या मुख्य परीक्षेत दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया, पुरावा व मानवी हक्क या विषयांना दीर्घकाळ स्थान राहिले आहे. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या तालुक्यातालुक्यांत आहेत आणि पहाटे मैदानावर, दिवसा अभ्यासिकेत बसणारे उमेदवार एकीकडे कला शाखेच्या पदवीसाठीही नाव घालून ठेवतात. गुन्ह्याच्या जागी पहिल्यांदा पोचणारा, जमाव आवरणारा आणि तक्रारदाराशी पहिले शब्द बोलणारा शिपाई या वर्गातून येतो. त्याच्या पदवी अभ्यासात फौजदारी न्यायाचा एक सलग, मराठीतून शिकवलेला विषय असणे ही या संपूर्ण क्षेत्रातील सर्वांत निकडीची गरज आहे. निवडीनंतरचे शिक्षण पोलीस प्रशिक्षण केंद्रांत होते. अधिकाऱ्यांसाठी नाशिक येथे महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे.

समाजकार्याची शाखा : अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र 1831 पासून नगर येथे होते. याच मिशनतर्फे मुंबईच्या नागपाडा वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे 1936 मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालयाचे, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे, पहिले संचालक झाले. भारतातील गुन्हेशास्त्राच्या अध्यापनात या संस्थेचा वाटा मोठा असून, कैदी व न्यायचौकशीखालील बंद्यांसाठी तिने 1990 मध्ये सुरू केलेला ‘प्रयास’ हा प्रकल्प प्रसिद्ध आहे. नगरमध्ये अहमदनगर महाविद्यालयाच्या परिवारातील ग्रामीण विकास अभ्यास केंद्र (सी.एस.आर.डी.) समाजकार्याचे शिक्षण देते, आणि 1989 मध्ये गिरीश कुलकर्णी यांनी सुरू केलेली स्नेहालय ही संस्था लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या स्त्रिया व मुले यांच्यात काम करते. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात व त्यांतील किमान एक स्त्री असते. त्यामुळे कायदा न शिकलेल्या, परंतु समाजशास्त्र, मानसशास्त्र वा समाजकार्य शिकलेल्या विद्यार्थ्यालाही या व्यवस्थेत अधिकृत स्थान आहे. जिल्ह्यातील पारधी व अन्य विमुक्त समाजांच्या संदर्भात ही शाखा विशेष महत्त्वाची ठरते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा 31 ऑगस्ट 1952 रोजी संपली, तरी संशयाची सवय टिकून राहिली. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवताना विमुक्त जमातींविषयीच्या अशा तरतुदींचीही दखल घेतली.

अभ्यासास घेतले जाणारे खटले : कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथील अल्पवयीन मुलीवरील अत्याचार व हत्येच्या प्रकरणात (13 जुलै 2016) अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम होते. त्याच महिन्यात जामखेड तालुक्यातील खर्डा येथील दलित तरुणाच्या हत्येच्या (एप्रिल 2014) खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले होते. नेवासे तालुक्यातील सोनई येथील तिहेरी हत्याकांडाचा (जानेवारी 2013) खटला नाशिकला वर्ग झाला आणि जानेवारी 2018 मध्ये तेथे सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. एकाच जिल्ह्यातून निघालेले हे तीन खटले शेजारी ठेवून वाचले असता साक्षीदारांचे संरक्षण, खटला वर्ग करण्याचे प्रयोजन आणि परिस्थितिजन्य पुराव्याचे बळ हे तीन प्रश्न विद्यार्थ्याला एकत्र अभ्यासता येतात. या निकालांचे जे सामाजिक व राजकीय अर्थ लावले गेले, त्यांबाबत मतभेद आहेत.

न्यायसहायक विज्ञान : याचे शिक्षण जिल्ह्याच्या शेजारी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत मिळते व त्यासाठी विज्ञान शाखेची बारावी लागते.

कारागृह प्रशासन : श्रीगोंदे तालुक्यात विसापूर येथे कारागृह असून तुरुंग अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण येरवडा येथे होते.

नव्या संहिता : 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता (358 कलमे), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (531 कलमे) आणि भारतीय साक्ष अधिनियम (170 कलमे) लागू झाले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा हे त्यांतील लक्षणीय बदल होत. या दिवसापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना 1860 ची भारतीय दंडसंहिताच लागू राहत असल्याने जिल्ह्यातील विधी विद्यार्थ्याला पुढील अनेक वर्षे दोन्ही संहिता शिकाव्या लागणार आहेत.