उन्हाळी फुले आणि निनावी कुंचला

वैशाखाच्या उन्हात बोरिवली-मुलुंडच्या डोंगरउतारांवरील गवत करपून जाते. पण त्याच सुमारास बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. त्यापूर्वीच पळस आणि पांगारा आपला तांबडा बहर उधळून मोकळे झालेले असतात. हे वैभव अल्पजीवी असते. तोडलेले फूल लवकरच मलूल होते. टीपकागदात दाबून वाळविले तर पानांच्या शिरा शाबूत राहतात, परंतु फुलाचा रंग उडतो किंवा काळवंडतो. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली खरी. पण तिला रंग दाखविता येत नसत. म्हणून फुलाचा रंग टिकविण्याचे काम त्या काळी जलरंगांनाच करावे लागे.

या कामाचा एक उत्कृष्ट नमुना महाराष्ट्रातच निर्माण झाला. पुण्याजवळ पवनेच्या काठी, आज दापोडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दापुरी येथे, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८२८ साली सरकारी वनस्पतिउद्यान स्थापन झाले. पुढे १८३८ साली त्याचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरांकडे आला. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी बागेतील वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे एका चित्रकाराकडून काढवून घेतली.

असे चित्र म्हणजे केवळ शोभेची वस्तू नव्हे. पाकळ्या किती, केसर कोठून निघतात, पाने समोरासमोर की एकाआड एक, हे बिनचूक दिसले पाहिजे. जलरंगात उजेड कागदाच्या शुभ्रतेतून येतो. म्हणून फिका हात आधी आणि गडद मागाहून द्यावा लागतो. एकदा गढूळ झालेला रंग पुन्हा सहसा उजळत नाही. पिवळ्या फुलाची सावली तर फारच अवघड. काळसर छटा जरा अधिक पडली की पिवळा हिरवट दिसू लागतो. उन्हाळ्यात फूल कोमेजते आणि कागदावरचा रंगही पाहता पाहता वाळतो.

हे कौशल्य अंगी असलेल्या त्या चित्रकाराचे नाव मात्र उपलब्ध नाही. तो पोर्तुगीज-भारतीय होता, एवढाच त्याचा परिचय उरला आहे. गिब्सन यांचे नाव १८६१ साली निकोल डॅलझेल यांच्या नावासह ‘द बॉम्बे फ्लोरा’ या ग्रंथावर छापले गेले. चित्रे एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन झाली आणि २००२ साली हेन्री नोल्टी यांनी त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पतीला शास्त्रीय नाव कोणी दिले, याची नोंद शास्त्र कटाक्षाने ठेवते. तिचे रूप टिपणारा हात मात्र निनावी राहिला.

उन्हाळ्याच्या सुटीत उपनगरांतील मुले रंगपेटी घेऊन गुलमोहर रंगवावयास बसतात. चित्र पुरे झाले म्हणजे कोपऱ्यात आपले नाव आणि तारीख घालावयास त्यांना अवश्य सांगावे.