चौकाचे भय की झटक्याचे? अ‍ॅगोराफोबियाची कहाणी

१/ १८७१ साली बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी तीन पुरुष रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. मोठा चौक किंवा निर्मनुष्य रस्ता एकट्याने ओलांडायची वेळ आली की त्यांच्या छातीत धडधड होई, अंगाला कंप सुटे. ही भीती निराधार आहे हे तिघांनाही कळत होते. कळून उपयोग मात्र काही नव्हता.

२/ वेस्टफाल यांची निरीक्षणे आजही थक्क करतात. दुकाने बंद झाली, वर्दळ ओसरली की यातना वाढत. सोबतीला कोणी असले की त्या कमी होत; एवढेच नव्हे, तर पुढून एखादी घोडागाडी जात असली किंवा हातात नुसती काठी असली तरी धीर येई. बिअर वा वाइन घेतल्यावरही रस्ता पार करता येई. एकाने तर, मनात कोणताही विकार नसताना, घराच्या दारापर्यंत वेश्येची सोबत मागितली होती.

३/ ग्रीक नगरांत जिथे सभा आणि बाजार भरे ती जागा म्हणजे ‘अगोरा’. त्यावरून वेस्टफाल यांनी ‘अ‍ॅगोराफोबिया’ हे नाव दिले. आदल्याच वर्षी व्हिएन्नाच्या मोरिट्झ बेनेडिक्ट यांनी अशाच लक्षणांना ‘चौकातली भोवळ’ म्हटले होते आणि दोष डोळ्यांच्या स्नायूंना दिला होता. वेस्टफाल यांचे म्हणणे स्पष्ट होते: ही भोवळ नव्हे, हे भय आहे.

४/ मराठीत याचा अर्थ सर्रास ‘मोकळ्या जागेची भीती’ असा दिला जातो. हा अर्थ अपुरा आहे; पण त्याचे खापर एकट्या कोशकारांवर का फोडावे? १८८९ मध्ये व्हिएन्नाचे वास्तुरचनाकार कामिल्लो झिट्टे यांनीही हा नवा आजार आधुनिक शहरांच्या अफाट, उघड्या चौकांशी जोडला होता.

५/ कलाटणी मिळाली ती १८९५ मध्ये. फ्रॉइड यांनी लिहिले की, या रुग्णांच्या मुळाशी बहुधा पूर्वी येऊन गेलेल्या भयाच्या झटक्याची आठवण असते. जिथून सुटका नाही अशा ठिकाणी तो पुन्हा येईल, ही खरी धास्ती. म्हणजे भीती चौकाची नसून स्वतःच्याच शरीराची! फ्रॉइड यांची पुढची बरीच मते आज मागे पडली. हे टिपण मात्र टिकून आहे.

६/ त्यानंतर दृश्य बदलते. न्यूयॉर्कचे हिलसाइड रुग्णालय, १९६० च्या आसपासचा काळ. डोनाल्ड क्लाइन हे चिंताग्रस्त रुग्णांना इमिप्रामिन हे नवे औषध देऊन पाहत होते. काही आठवडे लोटले तरी रुग्ण म्हणत, काही फरक नाही. परिचारिकांच्या लक्षात मात्र एक गोष्ट आली: ‘मी मरतो आहे’ म्हणत त्यांच्याकडे वारंवार धावत येणारा माणूस आता येईनासा झाला होता.

७/ झटके थांबले होते, तरी तो माणूस एकट्याने बाहेर पडायला तयार नव्हता. क्लाइन यांनी यातून दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: अवचित येणारा झटका, आणि ‘तो येईल’ म्हणून वाटणारी सततची धास्ती. औषध पहिल्यावर चालले. दुसरी घालवण्यासाठी रुग्णाला धीर देऊन पुन्हा रस्त्यावर उतरवावे लागे.

८/ १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानसंहितेत ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान आले. १९८७ च्या सुधारणेत अ‍ॅगोराफोबिया जवळजवळ त्याची शेपटी ठरला. लंडनच्या आयझॅक मार्क्स यांच्यासारख्यांना हे मान्य नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणातही क्रम उलटा होता: आधी अ‍ॅगोराफोबिया, मग त्यासोबत पॅनिक आहे की नाही ते पाहायचे. एकाच रुग्णाला अटलांटिकच्या दोन तीरांवर दोन नावे!

९/ प्रस्तुत लेखकाला मार्क्स यांची बाजू अधिक पटते, कारण पुरता झटका कधीच न आलेलीही अनेक माणसे घरात कोंडून घेतात. २०१३ च्या अमेरिकी संहितेने दोन्ही निदाने अखेर विलग केली. सार्वजनिक वाहन, मोकळी जागा, बंदिस्त जागा, रांग वा गर्दी, आणि घराबाहेर एकटे असणे, या पाचांपैकी किमान दोहोंची भीती तिथे आवश्यक मानली आहे. रस्त्यात आपण पडू आणि उचलायला कोणी नसेल, या अतिरेकी धास्तीने उंबरठा न ओलांडणाऱ्या वृद्धांचाही त्यात विचार आहे.