ध्वजदंडाचं राहिलेलं काम

आपल्या १९८०च्या दहावीच्या तुकडीला आदल्या वर्षीची २६ जानेवारीची प्रभातफेरी आठवत असेल. बँडच्या पुढे चालणारा शाळेचा ध्वज त्या दिवशी नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यावर नव्हता, बांबूवर होता. का, ते आज सांगतो.

दांड्याचा खालचा जोड तडकला होता. आदल्या संध्याकाळी, वर्कशॉपमध्ये सर नसताना, मी तो वेल्डिंगला घेतला. शाळेचं मशीन म्हणजे तेलात बुडवलेला ट्रान्सफॉर्मर. लोखंडी बाकं त्यावर सुरेख जोडली जायची. मी लोखंडाचाच रॉड लावला. नळी लाल होईल म्हणून वाट पाहत होतो. ती लाल झालीच नाही, एकदम गळून खाली पडली. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "माझ्याकडून झालं." मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. नंतर सर मला एवढंच म्हणाले, "त्या धातूला कातडं असतं रे. ते आधी समजून घे."

समजून घ्यायला निवृत्ती उजाडली. हौस म्हणून वेल्डिंग शिकायचं ठरवलं, यंत्र निवडायला बसलो आणि लक्षात आलं, की या यंत्राचा इतिहास वाचल्याशिवाय ते निवडताच येत नाही.

सरांनी सांगितलेलं कातडं म्हणजे ऑक्साइडचा थर. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. हवेत त्यावर आपोआप चढणारा थर मात्र २,००० अंशांच्याही पुढे. आतला धातू पाणी झाला तरी वरची साय फुटत नाही. भरीला हा धातू तापताना रंग बदलत नाही, आणि उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी वेगाने पसरवतो.

१८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांची खबर नसताना, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळं काढण्याची एकच रीत शोधली. मौल्यवान म्हणून मिरवणारा धातू स्वस्त झाला आणि पुढे आपल्या घरच्या पातेल्यांपर्यंत पोहोचला. पण जोडायचा कसा, हा प्रश्न उरलाच. गॅसच्या ज्योतीबरोबर फ्लक्स वापरला तर थर विरघळे, पण मागे राहिलेला फ्लक्स पुढे धातूच खाई. म्हणून विमानांचे पत्रे रिव्हेट ठोकूनच जोडत.

वाट निघाली ती दुसऱ्या महायुद्धात. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप कंपनीला मॅग्नेशियमची विमानं बांधायची होती, आणि मॅग्नेशियमचीही हीच अडचण. तिथल्या रसेल मेरेडिथ यांनी न वितळणारी टंगस्टनची कांडी घेतली आणि भोवती हेलियम वायूचं आवरण धरलं, म्हणजे हवा आत शिरायला नको. १९४२ साली त्याचं पेटंट मिळालं. पुढे हेलियमच्या जागी बहुतेक ठिकाणी आर्गॉन आला. यालाच आज आपण टिग म्हणतो.

वायूने नवा थर अडवला, पण आधीचा कोण काढणार? ते काम विजेच्या दिशेचं. टंगस्टन ऋण टोकाला जोडलं तर उष्णता कामात उतरते, पण थर तसाच राहतो. धन टोकाला जोडलं तर थर फुटतो, पण टंगस्टनच वितळू लागतं. उत्तर निघालं एसीचं: एक क्षण सफाई, दुसऱ्या क्षणी जोड, सेकंदाला कित्येक वेळा.

हे वाचायच्या आधीच मी एक स्वस्त मशीन घेऊन बसलो होतो. वर 'टिग' लिहिलेलं, पण आत फक्त डीसी. दुकानदाराने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. नळीवर काळी काजळी धरली, जोड धरला नाही. १९७९ पुन्हा एकदा!

दुसऱ्या खेपेला हिशेबाने गेलो. मिग हा प्रकार जाड आणि लांब जोडांना झपाट्याचा. पण ॲल्युमिनियमची मऊ तार लांब नळीत गुंतते, म्हणून रीळ बंदुकीवरच असलेली स्पूल गन लागते. माझी नळी पातळ, म्हणून टिगच. दर मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपिअर हा ढोबळ नियम. माझ्या दोन मिलिमीटरला ८०. तेव्हा २०० अँपिअरचं एसी-डीसी इन्व्हर्टर मशीन पुरून उरतं. त्यावर सफाईचं प्रमाण ठरवणारं बटण आहे आणि करंट कमी-जास्त करायला पायाखाली पेडल. सिलिंडर शुद्ध आर्गॉनचा, कार्बन डायऑक्साइड मिसळलेला मुळीच नको. स्टीलचा ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला. भरणीला सिलिकॉन मिसळलेली ४०४३ नंबरची सळई. घरच्या प्लगवर विसंबू नका. इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन घ्या. आणि हेल्मेट, हातमोजे, पूर्ण बाह्या. टिगचा प्रकाश कातडी भाजतो.

तरी पहिल्या वीस-पंचवीस तुकड्यांना भोकंच पडली. मग एके दिवशी नळीवर कडेला पांढरी पट्टी उमटली, मधोमध आरशासारखा थेंब चमकला, आणि पहिल्यांदाच ते कातडं बाजूला सरकताना मी डोळ्यांनी पाहिलं. हौशी माणसाच्या जोडावर शिडी उभारू नये, कारण तापलेल्या भागात धातूची ताकद कमी होते. ध्वजाचं वजन मात्र तो पेलतो.

नवा दांडा तयार आहे. स्नेहमेळाव्याच्या दिवशी बँडच्या पुढे तोच असेल. सर येणार आहेत असं कळलं. खालचा जोड त्यांनी चष्मा लावून नीट तपासावा, एवढी विनंती. आणि सगळ्यांच्या समोर, सेहेचाळीसहून अधिक वर्षं उशिरा, एक वाक्य: सर, त्या दिवशी माझ्याकडून झालं.