मावशीचं पान कोण बघतं?

गेल्या भाऊबीजेला आमच्याकडे सगळे जमले होते. फराळ झाला, पत्ते झाले आणि मग नेहमीप्रमाणे एकेकाचा मोबाईल बाहेर निघाला. माझ्या मावसबहिणीच्या मुलीने सहज म्हणून आजीचं, म्हणजे माझ्या मावशीचं, नाव गूगलमध्ये टाकलं. मावशी वनस्पतीशास्त्राची प्राध्यापक. कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या गवतांवर तिने जवळजवळ तीस वर्षं काम केलं, तेही भर पावसात, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन. नाव टाकल्यावर काय आलं? एक दंतवैद्य, एक नगरसेविका आणि तिच्या विद्यापीठाच्या साइटवरचं एक पान. ते उघडलं तर 'पेज नॉट फाउंड'.

"आजी, तू नाहीयेसच!" नात म्हणाली. सगळे हसले. मावशीही हसली. पण रात्री भांडी पुसताना मला हळूच म्हणाली, "अरे, एवढं काम केलं, ते सगळं गेलं कुठे?"

हा प्रश्न मला जरा जास्तच लागला. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका विद्यापीठाच्या वेबसाइटचं काम करत होतो (कुठल्या ते विचारू नका). तिथे एका मीटिंगमध्ये ठरलं, की प्राध्यापकांच्या पानांवरचं 'ट्रॅफिक' वाढवायचं. मग काय केलं? मुखपृष्ठावर उजवीकडून डावीकडे सरकणारी ओळ टाकली, तिच्या शेजारी लुकलुकणारं 'न्यू' लावलं आणि परिपत्रक काढलं, की सर्वांनी आपापलं पान रोज एकदा उघडावं. महिन्याभरात आकडा तिप्पट झाला! पेढे वाटायचेच काय ते राहिले. पुढे सर्व्हरच्या नोंदी नीट बघितल्या तेव्हा कळलं, की आम्ही 'हिट्स' मोजत होतो. पानावर दहा चित्रं असली तर पान एकदा उघडलं की अकरा हिट्स. शिवाय सर्च इंजिनांचे रोबो येऊन जात, तेही पाहुणे म्हणून मोजलेले. उरलेले बहुतेक आम्हीच. म्हणजे स्वतःच्या घराची बेल स्वतः वाजवून पाहुणे आले म्हणायचं, त्यातला प्रकार.

तेव्हापासून मला एक नादच लागला: विद्वानांच्या पानांवर लोक खरोखर येतात ते कशामुळे? त्याचा इतिहास शोधत गेलो आणि तो बराच मजेशीर निघाला.

सुरुवात थेट वेबच्या जन्मापासून करावी लागते. टिम बर्नर्स-लीने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. कल्पना भारी होती, पण ती वापरायची कोणी आणि कशाला? सर्नमध्ये हजारो माणसं, त्यातली निम्मी सतत येणारी-जाणारी. कोण कुठल्या खोलीत बसतो, त्याचा फोन नंबर काय, हे रोजचं दुखणं. फोनची यादी होती ती मोठ्या मेनफ्रेम संगणकावर. बर्न्ड पोलरमान ती सांभाळत असत, त्यांनी ती वेबवरून बघता येईल अशी सोय केली. सर्नमधल्या पुष्कळ लोकांसाठी सुरुवातीला वेब म्हणजे फोनची यादी, एवढंच होतं! म्हणजे माणूस शोधणं हे वेबचं अगदी पहिल्या कामांपैकी एक. आणि त्यासाठी कुणाला परिपत्रक काढावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातली. स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेतले पॉल कुंझ १९९१ मध्ये सर्नला गेले, तिथे त्यांनी वेब पाहिलं आणि परत येऊन आपल्या ग्रंथपाल लुईस ॲडिस यांना सांगितलं. स्लॅककडे 'स्पायर्स' नावाचा खजिना होता, पदार्थविज्ञानातल्या शोधनिबंधांच्या नोंदींचा. डिसेंबर १९९१ मध्ये तो वेबवर आला. अमेरिकेतला हा पहिला वेब सर्व्हर. जगभरचे पदार्थवैज्ञानिक त्यासाठी वेब वापरू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामॉसमध्ये पुढे 'अर्काइव्ह' म्हणून प्रसिद्ध झालेली व्यवस्था सुरू केली होती, तिथे तर अख्खा निबंधच मिळे. लोक आले ते काहीतरी हाती लागत होतं म्हणून.

आता जरा मागे जाऊ. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' मासिकात एक लेख लिहिला. अमेरिकन वकील १८७३ पासून एक सूची वापरत, एखाद्या जुन्या निकालाचा उल्लेख पुढे कुठल्या कुठल्या खटल्यात झाला ते सांगणारी. गारफिल्ड म्हणाले, विज्ञानातही हेच करू. एखाद्या निबंधाने कुणाचा आधार घेतला हे त्याच्या शेवटी छापलेलं असतंच, पण पुढे त्याचा आधार कुणी घेतला हे कसं कळणार? त्यातून १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध झाला. आणि तीसेक वर्षांनी स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी तीच युक्ती वेबच्या पानांना लावली. ज्या पानाकडे चांगली पानं बोट दाखवतात, ते पान चांगलं. गूगलचा पाया तो. म्हणजे प्राध्यापकांनी एकमेकांच्या निबंधांना द्यायच्या संदर्भाची जुनी चालच गूगलने उचलली, आणि प्राध्यापकांचीच पानं मात्र गूगलला सापडेनात!

का सापडेनात? आमच्याच साइटचं सांगतो. एका पानाकडे बाहेरून कुणाचंही बोट नव्हतं. पानावर मजकूर काय? पदनाम, पगारश्रेणी, अनुभव, किती परिषदांना हजेरी लावली तो आकडा. हे कोण शोधणार? ज्यांनी हौसेने निबंध चढवले त्यांनी कागदाचे फोटो काढून चढवले, त्यातलं अक्षर यंत्राला वाचता येत नाही. मराठीतले सारांश तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. डोळ्याला छान देवनागरी दिसायचं, पण सर्च इंजिनच्या दृष्टीने ती नुसती रोमन अक्षरांची खिचडी. दुकान मांडलंय, माल भरलाय, आणि शटर खाली.

हे शटर वर करायचे प्रयत्न जगात बऱ्याच ठिकाणी चालू होते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणारे लोक वेगवेगळ्या कॉलेजांमध्ये विखुरलेले, त्यामुळे कोण कशावर काम करतंय हे बाहेरच्यांना तर सोडाच, आतल्यांनाही कळत नसे. तिथल्या मान लायब्ररीतल्या मंडळींनी २००३ मध्ये 'विवो' उभं केलं. त्यात माणसाचं पान म्हणजे बायोडेटा नाही, चौक आहे. तिथून निबंधाकडे, विभागाकडे, अनुदानाकडे, सहकाऱ्याकडे रस्ते जातात, आणि उलटेही येतात. गवताच्या शोधात आलेला माणूस त्या रस्त्याने गवतवालीपर्यंत पोचतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीने २००४ पासून आपल्या प्राध्यापकांना निबंधांची प्रत विद्यापीठाच्या भांडारात ठेवणं सक्तीचं केलं. आपल्याकडे बंगलोरच्या आयआयएससीने २००२ मध्येच असं भांडार उघडलं होतं. आणि नोव्हेंबर २००४ मध्ये गूगल स्कॉलर आलं. ते सुरू करणाऱ्या दोघांपैकी अनुराग आचार्य हे खरगपूर आयआयटीचे. स्कॉलरच्या अटी साध्या आहेत: सारांश लॉगइन न करता दिसला पाहिजे, मजकूर यंत्राला वाचता आला पाहिजे, आणि शीर्षक, लेखक, वर्ष ही माहिती पानाच्या कोडमध्ये ठरलेल्या खुणांनी लिहिलेली पाहिजे. हे केलं की दार उघडतं. लुकलुकणाऱ्या 'न्यू'चा त्यात कुठेच उल्लेख नाही...

राहिला नावाचा घोटाळा. मावशीचे पहिले चार निबंध माहेरच्या नावाने, पुढचे सासरच्या. काही ठिकाणी पूर्ण नाव, काही ठिकाणी नुसती आद्याक्षरं, एका ठिकाणी नवऱ्याचं नाव आडनाव म्हणून छापलेलं! आपल्याकडे आद्याक्षर आणि जोशी-कुलकर्णी-देशपांडे एवढ्यावर किती माणसं एक होऊन जात असतील याची कल्पना करा. आणि लग्न झालेली बाई असेल तर एकीच्याच दोघी होतात. हा त्रास चिनी, कोरियन संशोधकांनाही आहे. त्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये 'ऑर्किड' सुरू झालं. प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी क्रमांक. शेवटचा अंक आधीच्या पंधरांवरून गणिताने येतो, म्हणजे लिहिताना चूक झाली तर पकडता येते. नाव बदला, गाव बदला, नोकरी सोडा, क्रमांक तोच.

आपल्याकडेही काम झालंय. इन्फ्लिबनेट ही संस्था १९९१ मध्ये सुरू झाली ती पुण्याच्या आयुकाच्या छत्राखाली. १९९६ मध्ये ती स्वतंत्र झाली, आज गांधीनगरला आहे. तिचं 'शोधगंगा' म्हणजे देशभरच्या प्रबंधांचं भांडार, 'विद्वान' म्हणजे तज्ज्ञांची नोंदवही, आणि 'आयरिन्स' वापरून विद्यापीठं आपल्या प्राध्यापकांची पानं बनवतात. साधनं आहेत. प्रश्न उरतो तो निवृत्त झालेल्यांचा. नोकरी संपली की ओळखपत्र परत घेतात तसं पानही काढून घेतात. टिम बर्नर्स-लीने १९९८ मध्येच एक छोटं टिपण लिहून बजावलं होतं, की पानाचे पत्ते बदलू नका, कारण तुमच्याकडे बोट दाखवणारे सगळे तोंडघशी पडतात. मावशीच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

तर मग आम्ही काय केलं? आम्ही म्हणजे मी आणि ती नात. दिवाळीच्या सुट्टीत मावशीला ऑर्किड क्रमांक काढून दिला, त्यात दोन्ही नावं लिहिली. कपाटातून निबंधांच्या प्रती काढल्या (दोन वाळवीने खाल्लेल्या होत्या), ज्या नियतकालिकांनी परवानगी दिली त्या स्कॅन करून मजकूर वाचता येईल अशा केल्या. पानावर पदनामाच्या आधी तीन ओळी लिहिल्या: कुठल्या सड्यांवर, कुठली गवतं, कुठल्या महिन्यात. शास्त्रीय नावं आणि गावातली नावं दोन्ही. विभागातल्या एका भल्या माणसाने ते पान पुन्हा जुन्या पत्त्यावर लावून दिलं.

आकडा विचाराल तर हसाल. महिन्याला वीस-पंचवीस माणसं येतात. माझ्या त्या सरकत्या ओळीपुढे काहीच नाही.

पण यंदा ऑगस्टमध्ये मावशीला एक मेल आली. एम.एस्सी. करणारी एक मुलगी, सिंधुदुर्गातली. तिला मावशीचं नाव माहीत नव्हतं. तिने गवताचं नाव शोधलं होतं. गावाजवळच्या सड्यावर चिऱ्याची खाण झाली आहे, तिथे पूर्वी काय उगवत होतं हे तिला कुठेच मिळत नव्हतं. मावशीच्या १९८० च्या दशकातल्या यादीत त्या सड्याची नोंद होती.

मावशीने उत्तर लिहायला तीन दिवस घेतले. आधी वहीत, मग माझ्याकडून टाईप करून. पाठवून झाल्यावर चष्मा काढून म्हणाली, "ती वाळवीने खाल्लेली दोन होती ना, त्यांच्या माझ्या हस्तलिखित प्रती माळ्यावर असतील. रविवारी येशील का?"

रविवारी जायचंय. शिडी आणायला सांगितली आहे.