पाळीखाली कोण राहतं?



आपला भंडारा जिल्हा तलावांचा. सानगडी-साकोलीकडच्या धानाला पाणी देणारे जुने तलाव काही सरकारने बांधलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्या मंडळींनी ते बांधले. जो तलाव बांधील त्याला जमीन, अशी तेव्हाची रीत सांगतात. पुढे इंग्रजी अमलात मालगुजार गावाचा मालक झाला आणि तलावही खाजगी झाला. पाळीवर माती टाकणे, सांडवा मोकळा ठेवणे, तुडूम वेळेवर उघडणे, ही सारी देखरेख त्याच्याकडे असे. राबत मात्र गाव. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. म्हणूनच आज त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात ‘मामा’ तलाव म्हणतात.

मालक बदलला, पण पाण्याचा स्वभाव बदलला नाही. एक जुनी हकिगत ऐका.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साऊथ फोर्क येथे सुमारे ७२ फूट उंचीचा मातीचा बंधारा होता. श्रीमंतांच्या एका क्लबाने तो मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतला. वरून बग्गी जावी म्हणून पाळीचा माथा खाली केला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबाने परत बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला धो-धो पाऊस पडला. जाळ्यांत कचरा अडकला, सांडवा तुंबला, पाणी पाळीवरून वाहू लागले आणि पाळ फुटली. खाली जॉन्सटाउन शहर होते. २,२०९ माणसे गेली. मौजेसाठी राखलेलं तळं ते!

आता यातला धडा बघा. बंधाऱ्याची तपासणी करताना जाणकार दोन वेगळे प्रश्न विचारतात.

पहिला: पाळीची तब्येत कशी आहे? दोष किरकोळ आहे, की लवकर दुरुस्त करावा लागेल, की तसाच ठेवला तर पाळ फुटेल?

दुसरा: फुटलीच, तर खाली काय आहे? नुसते रान असेल तर धोका कमी. धानाचे बांध आणि रस्ता असेल तर जास्त. घरे, शाळा असतील तर सर्वांत जास्त. पाळ कितीही मजबूत असली तरी हा दर्जा खाली उतरत नाही. आणि खाली नवी वस्ती बसली, तर पाळ तीच राहूनही धोका वाढतो.

हे दूरचं वाटतं का? २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले. वीसहून अधिक माणसे दगावली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

२०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला. पण तो १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना लागू आहे. आपले बरेचसे गावतलाव त्याहून बुटके. म्हणजे पहिली नजर गावालाच ठेवावी लागणार.

तेव्हा मृगाच्या आधी एवढं करा:

१. सांडवा साफ करा. मासे अडवायला त्यात जाळी लावू नका, जास्त पाणी साठवायला रेतीची पोती रचू नका.

२. पाळीचा माथा कुठे बसला असेल, बैलगाडी-ट्रॅक्टरने झिजला असेल, तिथे माती घालून ठोकून घ्या. मातीची पाळ वरून वाहणारे पाणी सोसत नाही.

३. पाळीवरची झाडे, उंदीर-खेकड्यांची बिळे वेळीच दाखवून द्या.

४. पाळीच्या पायथ्याशी पाझर असेल तर रोज बघा. पाणी स्वच्छ आहे तोवर लक्ष ठेवा. गढूळ झाले की आतली माती वाहते आहे असे समजा. त्याच दिवशी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला कळवा, खालच्या घरांना सावध करा.

५. पाळीखाली नवे घर बांधू देऊ नका.

पूर्वजांनी तलाव दिला. मालगुजार गेला, तरी पाळ राखायचं काम काही गेलं नाही, मंडळी.