शिंपल्यातील जड धातू आणि आपले आरोग्य

वर्ध्यात समुद्र नाही, पण नदीतले शिंपले खाणारी कुटुंबे आहेत. कोकण-गोव्याला गेल्यावर तिसऱ्या आणि शिणाणी आवडीने खाणारेही बरेच आहेत. त्यामुळे ही माहिती उपयोगी ठरेल.

शिंपल्यात धातू का साठतात?
शिंपला पाणी गाळून अन्न मिळवतो. पाण्यात शिसे, कॅडमियम किंवा पारा असेल, तर तो त्याच्या शरीरात साचत जातो. म्हणूनच पाण्याचे प्रदूषण ओळखण्यासाठी जगभर शिंपले तपासतात.

पेशीत काय बिघडते?
ऊर्जा तयार होताना पेशीत काही घातक रेणू बनतात. त्यांना मुक्त कण म्हणतात. ग्लुटाथिओन त्यांना निष्प्रभ करते. कॅडमियम आणि पारा ग्लुटाथिओनलाच चिकटतात, त्यामुळे हे संरक्षण कमी पडते. मग पेशीचे आवरण, प्रथिने व डीएनए यांना इजा होते. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण.

धोका जाणवताच पेशीतील संदेशवाहक प्रथिने केंद्रकाला निरोप देतात आणि धातूला बांधून ठेवणारे मेटॅलोथायोनिन जास्त बनू लागते. धातू वाढतच गेला, तर अशाच निरोपांमुळे पेशी मरते.

माणसात काय होते?
आपल्या यकृत आणि मूत्रपिंडातही हीच यंत्रणा असते. कॅडमियम मूत्रपिंडात अनेक वर्षे राहते. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याने दूषित मासे व शिंपले खाऊन अनेकांच्या मज्जासंस्थेला कायमची इजा झाली. हा आजार १९५६ मध्ये उघड झाला. आईला फारशी लक्षणे नसतानाही काही बाळे बाधित जन्मली.

काय काळजी घ्यावी?
• कारखान्याचे किंवा शहराचे सांडपाणी मिसळते तिथले शिंपले खाऊ नका.
• उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत.
• गरोदर स्त्रिया व लहान मुलांना अशा ठिकाणचे शिंपले अजिबात देऊ नका.
• एखाद्या वेळी खाल्ले म्हणून घाबरू नका. खरा धोका वारंवार खाण्यात आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?
हातापायांना मुंग्या, तोल जाणे, सततची पोटदुखी किंवा न समजणारा रक्तक्षय असेल, तर दाखवा. आहार आणि कामाचे स्वरूपही सांगा, कारण बॅटरी दुरुस्तीच्या कामातूनही शिसे शरीरात जाते. गरजेनुसार रक्त-लघवीची तपासणी करता येते. 'शरीरशुद्धी'ची चूर्णे स्वतःहून घेऊ नका. धातू बाहेर काढणारी औषधे निदान झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात.