गाणगापूरचा तीर्थदिन आणि आजचे जलदिन

पर्यावरण दिन, जल दिन, वसुंधरा दिन असे दिवस दरवर्षी पाळण्याची प्रथा ही गेल्या अर्धशतकाची निर्मिती होय, असे सामान्यतः समजले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. पाण्यासाठी वर्षातील एक दिवस राखून ठेवण्याची कल्पना आपल्या सीमाभागात फार जुनी असून, तिचा एक चांगला पुरावा गाणगापूर येथे आहे.

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा पंढरपूरवरून वाहत कर्नाटकात शिरते, आणि कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात गाणगापूरजवळ तिला अमरजा मिळते. पंधराव्या शतकात नृसिंहसरस्वतींचे वास्तव्य येथे होते. त्यांचे चरित्र सरस्वती गंगाधर यांनी 'गुरुचरित्र' या नावाने ओवीबद्ध केले. मराठी ही आपली भाषा नव्हे, असे हा कवी आरंभीच सांगतो. कानडी मुलखातील क्षेत्राचा महिमा मराठीत गावा असे त्याला वाटले, ही गोष्ट या सीमाभागाच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या ग्रंथाच्या ४९ व्या अध्यायात आश्विन वद्य चतुर्दशीचा, म्हणजे नरकचतुर्दशीचा, एक प्रसंग आला आहे. गुरूंनी शिष्यांना त्रिस्थळी, म्हणजे गया, प्रयाग व काशी, येथील स्नान करावयास सांगितले. शिष्य दूरच्या प्रवासाच्या तयारीचा विचार करू लागले, तेव्हा ती स्थळे गावाजवळच आहेत असे सांगून गुरू त्यांना घेऊन निघाले. षट्कूळ, नृसिंह, भागीरथी, पापविनाशी, कोटी, रुद्रपाद, चक्र आणि मन्मथ अशी आठ तीर्थे त्यांनी एकामागून एक दाखविली. रुद्रपाद म्हणजे गया, भागीरथी म्हणजे काशी, अशी प्रत्येकाची सांगड कोठल्यातरी विख्यात क्षेत्राशी घातलेली आहे. देवदैत्यांच्या युद्धात इंद्र नेत असलेल्या अमृताचा अंश भूमीवर सांडून अमरजा झाली, अशी तिची उत्पत्तिकथाही याच अध्यायात आहे. दिवाळीतील अष्टतीर्थस्नानाची परंपरा तेथे आजही चालू आहे.

या कथेतील श्रद्धेचा विचार येथे करावयाचा नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, हा दिवस नाव असलेल्या, मोजता येणाऱ्या पाण्याशी बांधलेला आहे. ज्या कुंडात वर्षातून एकदा तरी सकुटुंब उतरावयाचे, त्याच्या पायऱ्या ढासळल्या किंवा झरा आटला तर ते गावाच्या नजरेस येणारच. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची, आणि भाविक लेखक ती सहसा सांगत नाहीत. पाणी माणसाला शुद्ध करते हे येथे गृहीत आहे. पापविनाशी तीर्थात गुरूंची भगिनी रत्नाई हिचा कुष्ठरोग गेला असे ग्रंथ सांगतो. पण माणूस पाण्याला अशुद्ध करू शकतो, हा प्रश्न या दिवसापुढे कधी आलाच नाही.

तो प्रश्न विसाव्या शतकाने विचारला. सांता बार्बरा येथे १९६९ मध्ये समुद्रात तेल पसरल्यानंतर अमेरिकेत २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन झाला. ५ जून १९७२ रोजी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद सुरू झाली. यजमान स्वीडनचे ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज त्या परिषदेस उपस्थित राहिलेल्या शासनप्रमुख एकट्या इंदिरा गांधी होत्या. परिषदेच्या आरंभाची तीच तारीख पुढे जागतिक पर्यावरण दिन ठरली व १९७४ पासून तो पाळला जाऊ लागला. त्याच वर्षी भारतीय संसदेने जलप्रदूषणाच्या प्रतिबंधाचा कायदा केला. रिओ दि जानेरो येथील १९९२ च्या परिषदेनंतर २२ मार्च हा जागतिक जल दिन म्हणून घोषित झाला आणि १९९३ मध्ये प्रथम साजरा झाला. महाराष्ट्र शासन २०१६ पासून १६ ते २२ मार्च हा जलजागृती सप्ताह पाळते.

या दिवसांनी प्रश्न अचूक विचारला. मात्र त्यांना गाव नाही. २०२५ च्या जल दिनाचा विषय हिमनद्यांचे संरक्षण हा होता. विषय थोर खरा. पण भीमेला हिमनदी नाही. तिचे भवितव्य सह्याद्रीवरील पाऊस आणि उजनीचे दरवाजे यांच्या हाती आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात मुळामुठेच्या द्वारे पुणे शहराचे सांडपाणी येऊन मिळते. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रानेच सोलापूर शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत नेले जाते. त्याही खाली गाणगापूर. त्या जल दिनानंतर थोड्याच दिवसांत कर्नाटक शासनाने उजनीतून भीमेत पाणी सोडण्याची विनंती महाराष्ट्राकडे केली. उलट ऑक्टोबर २०२० मध्ये याच भीमेच्या महापुराने कलबुर्गी जिल्ह्यातील नदीकाठची गावे वेढली गेली होती. संगमावर स्नानास उतरणाऱ्याला कोणते पाणी मिळावे, हे आता संगमावर ठरत नाही. अष्टतीर्थांच्या दिवसाला वरचा प्रवाह ठाऊक नव्हता. जल दिनाला तो ठाऊक आहे, पण खालचा घाट ठाऊक नाही.

ख्रिस्ती मंडळीच्या पंचांगातही असे दिवस आहेत, आणि त्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. इ.स. ४७० च्या सुमारास गॉल देशातील व्हिएन येथील बिशप मामर्तुस यांनी, नगरावर आपत्ती आल्या असता, स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवस प्रार्थनायात्रेचा प्रघात घातला. पुढे या यात्रा शेतांतून व गावाच्या शिवेवरून जाऊ लागल्या. म्हणजे तेथेही चालणे आले, आपले शेत व आपली शीव पायांनी ओळखणे आले. याच्या मानाने अलीकडचा दिवस म्हणजे १ सप्टेंबर. कॉन्स्टँटिनोपलचे कुलपती दिमित्रिओस यांनी १९८९ मध्ये तो सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरविला आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिक मंडळीतही लागू केला.

पौर्वात्य मंडळीत १ सप्टेंबरला धार्मिक वर्षारंभ होतो. ही तारीख निवडताना भीमेचे खोरे कोणाच्या डोळ्यांपुढे असण्याचे कारण नव्हते. तरीही आपल्या पाळकांना व धर्मशिक्षकांना ती उपयोगी पडण्यासारखी आहे. सोलापूर व कलबुर्गी या भागांत रब्बीच्या ज्वारीची ओल सप्टेंबरचा पाऊस धरतो, आणि त्याच महिन्यात उजनी किती भरली याकडे नदीकाठच्या दोन्ही राज्यांतील शेतकऱ्यांचे डोळे लागलेले असतात.